फ्रिजची किल्ली

आमच्या फ्रिजला कुलूप असतं. जुना एकदारी फ्रिज आहे, हँडलखाली किल्लीचं भोक असलेला. पंधरा वर्षांत त्या भोकाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. किल्ली सापडली शिवणाच्या डब्यात, बटणांच्या तळाशी. आता पाहुणे येतात, गार पाणी घ्यायला उठतात, फ्रिज ओढून बघतात आणि तो उघडत नाही. मग त्यांची नजर हळूच आतल्या खोलीकडे वळते. तिथे सासूबाई बसलेल्या असतात. वय चौऱ्याऐंशी, अंगावर मूठभर मांस नाही, आणि सून फ्रिजला कुलूप घालते! माझी नणंद तर मागच्या खेपेला जाताना आईच्या हातात राजगिऱ्याच्या वड्यांचा पुडा कोंबून गेली. वर माझ्याकडे असं बघितलं की मीच दोन दिवस जेवले नाही.

कुलूप सासूबाईंसाठी नाही. ते ठकीसाठी आहे. थोडं यांच्यासाठीही आहे, पण ते पुढे येईलच.

ठकी म्हणजे आमची कुत्री. मी चौतीस वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं. कुत्र्यांविषयी माझं ज्ञान दोन कलमांत संपायचं: रस्त्यात भुंकलं तर पळायचं नाही, आणि चावलं तर ताबडतोब धुऊन इंजेक्शन घ्यायचं. घरात कुत्रं ठेवणाऱ्या लोकांकडे मी चहासुद्धा घेत नसे, कपात केस निघेल म्हणून. अशी मी निवृत्तीनंतर पहिल्याच भाऊबीजेला खटाव तालुक्यात भावाकडे गेले आणि येताना भाजीच्या पिशवीतून दोन महिन्यांचं पिल्लू घेऊन साताऱ्याला परतले. कसं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

भावाच्या शेतात तेव्हा धनगरांचा वाडा उतरला होता. दसरा-दिवाळी उलटली की माण-खटावच्या कोरड्या मुलखातले मेंढपाळ मेंढरं घेऊन चाऱ्यामागे निघतात. वाटेत शेतकरी त्यांना रानात बसवून घेतात. रात्रभर मेंढरं एका वावरात बसली की लेंडीखत आयतं पडतं, बदल्यात त्यांना धान्य किंवा पैसे मिळतात. प्रत्येक वाड्याबरोबर कुत्री असतातच. ती मेंढरं हाकत नाहीत, ती राखतात. दिवसा सावलीत मेल्यासारखी पडून असतात आणि रात्री लांडग्याचा वास आला की उठतात.

मी मेंढरं बघत उभी होते. मागून कुणीतरी माझ्या पिशवीत शिरलं. पिशवीत भाऊबीजेची करंजी होती.

"आक्का, घिऊन जावा हिला," वाड्यावरचा म्हातारा म्हणाला. "लई चलाख हाय, पर कामाची न्हाई. मेंढराकडं बघंना. फडक्यातल्या भाकरीवर डोळा. परवा कोकराचं दूध प्याली."

पिशवीतून मातकट रंगाचं तोंड वर आलं. एक कान उभा, एक पडलेला. नाकाला सारण. मी शेवटच्या बाकावरची अशी तोंडं चौतीस वर्षं पाहिली होती. त्या पोरांचं मला कायम बरं वाटायचं, हा माझा जुना दोष.

लेकीने पुण्याहून फोनवर नाव सुचवलं, कोको. सासूबाईंना ते उच्चारायला जमलं पण पटलं नाही. "कोको काय? ही तर ठकी आहे," असं म्हणून त्यांनी निकाल लावला. माझ्या लहानपणी लाकडी बाहुलीला ठकी म्हणत. ठकवणारी तीही ठकीच. सासूबाईंनी कोणता अर्थ धरला होता ते मी विचारलं नाही. आठवड्याभरात दुसरा अर्थ सिद्ध झाला.

पहिले तीन महिने फक्त दातांचे होते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं की पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात, चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते पडतात आणि बेचाळीस पक्के येतात. मी ते आकडे वहीत लिहून घेतले. या बेरीज-वजाबाकीच्या दरम्यान घरातल्या वस्तूंचं काय होणार हे मात्र विचारायचं राहिलं. यांची कोल्हापुरी चप्पल, डावी. नंतर उजवी. गॅसचं पुस्तक. सासूबाईंच्या जपमाळेचे एकशे आठपैकी सदतीस मणी (मोजले, सवय). भिंतीचा कोपरा, चुन्यासकट. डिस्टेंपर-पार्व्होच्या लशी झाल्या, तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची झाली, दर वर्षी पुन्हा घ्यायची आहे हे कॅलेंडरवर लिहिलं. तिने कॅलेंडर खाल्लं.

हे सगळं कुठल्याही पिल्लाचं असतं, असं लोक म्हणाले. असेल. दात आल्यावर थांबलंही. मग जे सुरू झालं ते दातांचं नव्हतं, डोक्याचं होतं.

एक प्रसंग जसा घडला तसा सांगते. रविवार, सकाळचे साडेनऊ. मी थालीपीठ लावत होते, हे टेबलापाशी बसले होते, ताटात थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. ठकी टेबलाखाली. तिला जेवताना काही द्यायचं नाही हा नियम होता आणि त्या दिवशी तो सगळ्यांनी पाळला होता. पाचेक मिनिटं तिने वाट बघितली. मग उठली, आळस दिला, शांतपणे दाराशी गेली आणि एकदम भुंकायला लागली. कुरिअरवाला आला की भुंकते तसं, शेपटी ताठ, पुढचे पाय दारावर. हे उठले. दार उघडलं. बाहेर कोणी नाही. जिन्यात डोकावून पाहिलं, खाली हाक मारली, "कोण आहे?" परत आले. ताटात लोण्याचा डागसुद्धा नव्हता. ठकी टेबलाखाली होती तशीच बसलेली, तोंड दुसरीकडे.

"अगं, मी थालीपीठ खाल्लं का?" हे मला म्हणाले. खरंच विचारत होते.

तेव्हा मला हिशेब लागला. आमच्याकडे बेल वाजली की काय होतं? सगळे हातातलं टाकून दाराकडे जातात. ती महिनोन्‌महिने हे पाहत होती. बेल तिला वाजवता येत नाही, पण बेल वाजल्यावर ती जे करते ते तिला केव्हाही करता येतं. तिने समीकरणातलं एक पद बदललं आणि उत्तर तेच आणलं. मी दहावीच्या मुलांना हे शिकवायला सहा तासिका घेत असे.

सासूबाईंनी आतून विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "नामदेवमहाराजांची पोळी कुत्र्याने पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, देवा कोरडी खाऊ नकोस म्हणून. हिने लोण्यासकट नेली, तेवढं तरी धावणं वाचलं. आणि तू लाटणं घेऊन काय उभी आहेस?"

माझ्या हातात लाटणं होतं खरं.

लेकीने मग कुत्र्यांच्या बुद्धीवरचं एक इंग्रजी पुस्तक पाठवलं. स्टॅन्ली कोरेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं, १९९४चं. त्यात त्याने जातिवंत कुत्र्यांची हुशारीनुसार क्रमवारी लावली आहे. पहिला नंबर बॉर्डर कॉली, दुसरा पूडल, तिसरा जर्मन शेफर्ड. बीगल बिचारा तळाशी, आणि सगळ्यात शेवटी अफगाण हाउंड. पहिल्या श्रेणीतली कुत्री म्हणे नवी आज्ञा पाचपेक्षा कमी वेळा सांगितली की शिकतात आणि शंभरात पंचाण्णव वेळा पहिल्या हाकेला पाळतात. मी उत्साहाने ठकीची परीक्षा घेतली. "बस" ती तीन वेळांत शिकली. "थांब" चार वेळांत. पाळण्याचा हिशेबही ठेवला: हातात भाकरीचा तुकडा असेल तर शंभरात शंभर, नसेल तर ती आधी माझ्या हाताकडे बघते, मग माझ्याकडे, मग जाते.

पुस्तकात पुढे वाचलं तेव्हा कळलं की ती क्रमवारी आज्ञापालनाच्या स्पर्धांचे जे परीक्षक असतात त्यांची मतं गोळा करून केलेली आहे. म्हणजे ती वागणुकीचे गुण देते. शाळेत मी हेच वर्षानुवर्षं पाहिलं आहे. सांगितलेलं पहिल्यांदा ऐकणारी मुलं बक्षीस समारंभात पुढे, आणि कपाटाचं कुलूप कंपासच्या टोकाने उघडून खडू पळवणारा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर. गावठी कुत्र्यांना तर त्या यादीत रकानाच नाही.

फ्रिज तिने सातव्या महिन्यात उघडला. मी हँडलला हात पुसायचं फडकं अडकवत असे. ती फडकं दातात धरून मागे सरकली, दार आलं. मी फडकं काढलं. चार दिवस शांततेत गेले. दाराच्या रबराचा खालचा कोपरा जरा सुटला होता. तिने तिथे नख घातलं. त्या रात्री सायीचं पातेलं, उकडलेले बटाटे आणि कणकेचा गोळा गेला. कणीक कच्ची होती म्हणून मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, यीस्टचं पीठ आहे का? पावाचं असतं तर पोटात फुगतं, ते धोक्याचं. साधी कणीक होती. "लक्ष ठेवा," म्हणाले, "आणि हिला काम द्या."

"काम म्हणजे?"

"मॅडम, हिच्या शंभर पिढ्या रात्रभर लांडगा कुठून येईल याचा विचार करत बसल्या. तुमच्याकडे लांडगा नाही. मग ती विचार कशाचा करणार? फ्रिजचा."

मी तेव्हा हसले. सोसायटीत कुणी हसत नव्हतं. रात्री अकरा ते एक ठकी गॅलरीत उभी राहून अजिंक्यताऱ्याच्या दिशेने भुंकत असे. एकदा बैठकीत विषय निघाला, कुत्रं चालणार नाही असा ठराव करू, इथपर्यंत गाडी गेली. लेकीने भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ सालची मार्गदर्शक तत्त्वं छापून पाठवली. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात आहे. मी तो कागद बैठकीत वाचला आणि जिंकले. घरी येऊन वाटलं, कागद बरोबर आहे, पण खालच्या मजल्यावर दहावीतली पोरगी आहे. मार्चमध्ये परीक्षा.

भुंकणं थांबवायला आम्ही काय करत होतो ते आधी सांगते, म्हणजे आमची लायकी कळेल. ती भुंकली की हे उठून तिला बिस्किट देत. बिस्किट खाताना ती गप्प बसे. यांचा निष्कर्ष: बिस्किटाने भुंकणं थांबतं. तिचा निष्कर्ष: भुंकल्याने बिस्किट येतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मी म्हटलं, बिस्किट बंद. तर ती जास्तच भुंकायला लागली. तिसऱ्या रात्री एक तास. चौथ्या रात्री यांना राहवलं नाही आणि दिलं. त्यानंतर जे झालं ते भयंकर होतं.

याचं शास्त्र स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून कधीच मांडून ठेवलं आहे, आणि बीएडला आम्ही ते घोकून पाठ केलं होतं. दर वेळी बक्षीस मिळत असेल आणि एकदम बंद झालं, तर प्राणी लवकर नाद सोडतो. सोडण्याआधी एकदा जोर मात्र करून बघतो. पण कधी मिळतं, कधी नाही, असं असेल तर तो सोडतच नाही. लॉटरीवाला माणूस सोडत नाही तसा. आम्ही तीन रात्री न देऊन चौथ्या रात्री दिलं, म्हणजे तिला काय शिकवलं? की साताऱ्यात बिस्किट तिसऱ्या दिवसापर्यंत मिळत नाही, चौथ्यापर्यंत भुंकायला हवं. बीएडला मला या प्रश्नात दहापैकी नऊ होते.

मग काम द्यायला सुरुवात केली. पहाटे साडेपाचला चार भिंतीच्या टेकडीवर. आधी मी नेत असे, आता ती मला नेते. तिथे तिला मी चालायला लावत नाही, हुंगू देते. अर्धा तास चालवून जेवढी दमते त्यापेक्षा वीस मिनिटं हुंगून जास्त दमते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या गुडघ्यांमुळे कळलं. घरी आल्यावर भाकरी वाटीत देणं बंद. भाकरीचे तुकडे जुन्या गोधडीच्या घड्यांमध्ये लपवते. सहा स्टीलच्या वाट्या उपड्या मांडून एकीखाली तुकडा ठेवते. पहिल्या दिवशी तिने सहाही उलटवल्या. तिसऱ्या दिवशी थेट एक. मी वाट्या घासून, जागा बदलून, खोली बदलून पाहिलं. नाकापुढे संभाव्यता चालत नाही.

वस्तूंची नावंही शिकवली. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात जॉन पिली नावाच्या निवृत्त प्राध्यापकाने चेसर नावाच्या आपल्या बॉर्डर कॉलीला एक हजार बावीस खेळण्यांची नावं शिकवली होती. रोज चार-चार, पाच-पाच तास, तीन वर्षं. मीही निवृत्त आहे. आमची मजल चौदापर्यंत गेली आहे: चेंडू, दोरी, चप्पल, मोजा, पेपर वगैरे. पेपर आण म्हटलं की दारातून पेपर आणते. सुरुवातीला आणून द्यायची. आता आणते, थोडी दूर उभी राहते आणि माझ्या हाताकडे बघते. हातात काही नसेल तर पुरवणी फाडते. आधी पुरवणी, मुख्य अंक राखीव. वाटाघाटी करायला शिल्लक ठेवते.

आता पेढ्यांचं.

एक जुना विद्यार्थी नोकरी लागली म्हणून कंदी पेढे घेऊन आला होता. साताऱ्यात पेढा म्हणजे कंदी, खरपूस, तांबूस. पाव किलोचा खोका. शनिवारी दुपारी खोक्यात नऊ शिल्लक होते, मी फ्रिजवर ठेवले होते, आत नाही. चार वाजता उठले तर खोका स्वयंपाकघरात जमिनीवर, उघडा, रिकामा. ठकी शेजारी.

मी खोका उचलला. "हे कुणी केलं?"

तिने कान मागे पाडले. शेपटी पोटाखाली. मान वळवून भिंतीकडे बघायला लागली, मग हळूच जमिनीला टेकली आणि एक पाय उचलला. चौतीस वर्षांच्या अनुभवाने मला सांगितलं की हा कबुलीजबाब आहे. मी तिला चांगलंच झापलं. गॅलरीत बंद केलं. मग धास्तावून डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एकामागून एक विचारलं: चॉकलेट होतं? मनुका, बेदाणे? द्राक्षं? पेढ्यावर कांदा-लसूण असायचा प्रश्नच नाही. बिनसाखरेची गोड गोळी घातलेला नाही ना? मी नाही नाही म्हणत गेले. हे सगळं कुत्र्याला विषासमान असतं आणि आपल्या घरात ते सगळंच हाताशी असतं, हे मला त्या फोनवर कळलं. तेव्हापासून शिऱ्यातल्या बेदाण्यांची वाटी वरच्या फळीवर गेली. साखर फार झाली असेल, उलटी-जुलाब होतील, संध्याकाळी खायला देऊ नका, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

उलटी झाली नाही. जुलाब नाहीत. सहा वाजता ठकी गॅलरीच्या काचेला नाक लावून भाकरीची वाट पाहत उभी, रोजच्या वेळेला, रोजच्यासारखी भुकेली. मला खटकलं. पाव किलोतले नऊ पेढे, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या घरात. पंधरा किलोचं जनावर. हे उदाहरण सुटत नव्हतं.

रविवारी सकाळी हे उपाशीपोटी साखर तपासतात. बारा वर्षांचा मधुमेह. एरवी एकशे तीस-चाळीस असते. त्या दिवशी मशीनवर आकडा आला दोनशे चौदा. हे म्हणाले, "मशीन बिघडलंय." मी मशीनकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. यांनी मान वळवली आणि भिंतीकडे बघायला लागले.

"किती?" मी विचारलं.

"सहा."

"आणि तीन?"

"तिला दिले. तोंड बंद ठेवायला." मग म्हणाले, "खोका खाली ठेवायची कल्पना नंतर सुचली."

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या संशोधिकेने २००९मध्ये हेच तपासलं आहे, लेकीनेच नंतर सांगितलं. चौदा कुत्री. मालकाने खाऊ ठेवून "खायचं नाही" असं बजावून खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्र्याला तो खाऊ देऊन टाकायचा, कधी काढून घ्यायचा, आणि मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने खाल्लं की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही यावर होता. आणि सगळ्यात अपराधी दिसली ती न खाता रागावणी खाल्लेली कुत्री. म्हणजे ठकी म्हणत होती, तू चिडली आहेस, मला दिसतंय, शांत हो. मी त्याचं भाषांतर केलं, होय बाई, मीच.

त्या रात्री मला आठवी ब मधला एक मुलगा आठवला. वर्गाची काच फुटली होती. मी विचारलं आणि त्याने मान खाली घातली. बस, एवढंच. मी त्याला दोन तास बाहेर उभा केला. आता तो कुठे आहे ठाऊक नाही. काच कुणी फोडली होती तेही मला ठाऊक नाही, आणि त्या वेळी मी विचारलंही नव्हतं.

ठकीची मी माफी मागितली, म्हणजे अर्धी भाकरी जास्त दिली. तिने घेतली. तिच्या हिशेबात तो व्यवहार कुठे बसला असेल सांगता येत नाही.

ती निर्दोष आहे असं मात्र कुणी समजू नये. तीन पेढे तिनेही खाल्ले होते. आणि अंधाराचं तिला बरोबर कळतं. इंग्लंडमधल्या पोर्ट्‌समथ विद्यापीठात युलियाने कामिन्स्की यांनी चौऱ्याऐंशी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिलं की खाऊ अंधारात असेल तर कुत्री तो जास्त वेळा आणि जास्त लवकर चोरतात. माणसावर उजेड आहे की नाही याला महत्त्व नव्हतं, खाण्यावर आहे का याला होतं. आमच्याकडे हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागली नाही. वीज गेली की आम्ही मेणबत्ती शोधतो आणि ठकी पोळ्यांचा डबा. उपाय म्हणून स्वयंपाकघरात रात्रभर शून्याचा दिवा ठेवतो. कुलूप आहेच. चोरी पुष्कळ कमी झाली आहे. भुंकणंही साडेअकराला थांबतं. खालच्या पोरीची परीक्षा पार पडली. निकालानंतर ती वर पेढे घेऊन आली, दारातच मी तिला म्हटलं, हातात दे, टेबलावर ठेवू नकोस.

परवा डॉक्टरांनी ठकीला वजनाच्या काट्यावर उभं केलं. दीड किलो वाढली होती. बाहेरचं काय खाते, असं त्यांनी विचारलं. काहीच नाही, म्हटलं. फ्रिजला कुलूप आहे, यांच्यावर माझं लक्ष आहे, भाकरी मोजून देते.

घरी आल्यावर सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून चमच्याचा आवाज येत होता आणि त्यासोबत जमिनीवर शेपटी आपटल्याचा. मी दार ढकललं नाही. फ्रिजची किल्ली त्यांच्याच कमरेला असते. मीच दिली होती, घरात विश्वासाचं माणूस तेवढंच उरलं होतं म्हणून.